शेजाऱ्याचा सण व आपली सुटी

सरकारी सुट्यांची यादी प्रसिद्ध झाली म्हणजे पुष्कळ लोक प्रथम आपल्या धर्माचे दिवस मोजतात. महाराष्ट्राच्या यादींत गुड फ्रायडे व नाताळ आहेत, रमजान ईद, बकरी ईद, मोहरम व ईद-ए-मिलाद आहेत; गुढीपाडवा, दसरा व दिवाळीहि आहेत. मग अमक्यांस अधिक, तमक्यांस उणे, असा हिशेब सुरू होतो. आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे. दुसऱ्याच्या सणामुळें आपणांस जी विश्रांति मिळते, तिच्याबद्दल आपण त्याचें कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

कांहीं बंधु विचारतात कीं, अन्य धर्माच्या सणाची सुटी घेणें म्हणजे त्या उपासनेंत भाग घेणें नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. विश्रांति ही उपासना नव्हे. शेजाऱ्याचा दिवस मोकळा ठेवणें म्हणजे त्याच्या दैवतापुढें वांकणें नव्हे. त्यास आपल्या मनाप्रमाणें भक्ति करण्याची मोकळीक देणें होय.

आपला रविवारच पाहा. मुंबईच्या गिरणी मजुरांस पूर्वीं आठवड्याची सुटी नसे. सत्यशोधक समाजाचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं ती मागितली, आणि १० जून १८९० रोजीं ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हें त्यांनीं दिलेलें एक कारण होतें. मागणी खंडोबाच्या नांवें झाली, तरी विसावा हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्व मजुरांस लाभला.

अलीकडील उदाहरण मुसलमान बांधवांचें आहे. २८ सप्टेंबर २०२३ रोजीं अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशीं आल्या. गणेश विसर्जनाची गर्दी ध्यानांत घेऊन मुंबईच्या मुसलमान पुढाऱ्यांनीं आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशीं नेली, आणि सरकारनेंहि ईदची सुटी २९ तारखेस दिली. त्यांचा सण त्यामुळें लहान झाला नाहीं.

आपणांसहि अशी संधि येते. सिंदी मेघे वर्ध्यास लागूनच आहे. तेथील दुकानांत आपलीं मुलें कामास असतील. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखालीं येणाऱ्या दुकानांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर यांखेरीज आणखी चार पगारी सुट्या मालक व कामगार यांनीं मिळून ठरवावयाच्या असतात. तें बोलणें निघेल, तेव्हां आपण केवळ नाताळ मागून स्वस्थ बसावें काय? सोबत एकच मुसलमान कामगार असला, तरी त्याच्या ईदेसाठीं प्रथम आपण बोलावें.

शेतमजुरापर्यंत मात्र ही यादी पोहोंचत नाहीं. त्याचा खाडा म्हणजे मजुरी बुडाली. आपल्या विदर्भांत पोळ्याला बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत, उलट त्यास पुरणपोळी चारतात. मोशेच्या नियमशास्त्रांतील शब्बाथाची आज्ञाहि चाकर, परदेशी व बैल यांस विसरत नाहीं. तर ज्यांच्या शेतांत मजूर राबतात, त्यांनीं मजुराच्या सणादिवशीं, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, त्यास पुऱ्या मजुरीसह घरीं राहूं द्यावें. त्यांत आपले चार पैसे जातील. पण शेजाऱ्याच्या सणामुळें मिळालेल्या विश्रांतीची फेड त्यानेंच होईल.