दस्तक न मागणारा दिवा

लोणावळ्याहून खोपोलीचा घाट उतरून पेण, अलिबाग करत थळच्या किनाऱ्यावर आलं की समोर दोन बेटं दिसतात. अलीकडचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. पावसाळा सरून दर्या निवळला की इथून होडीनं खांदेरीला जाता येतं. तिथलं दीपगृह १८६७ सालचं. आज ते मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे यांच्या नावानं ओळखलं जातं.

आपल्या मावळाला ना किनारा, ना बंदर. तरीही हे दीपगृह पाहायला मावळकरानं मुद्दाम जावं, असं मला मनापासून वाटतं. १७१३ साली शाहू महाराजांनी तेव्हा विरोधात असलेल्या कान्होजींवर पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना धाडलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं आणि लोहगड घेतला. समुद्राचा सरखेल घाटमाथ्यावर येऊन बसला! नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ त्यांना भेटले ते इथेच, लोणावळ्यात. १७१४ च्या त्या तहानं कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले, आणि त्यांच्याकडे कायम झालेल्या जलदुर्गांत खांदेरीही होता. ज्या बेटावरच्या दिव्याला आज त्यांचं नाव आहे, त्याचा निवाडा आपल्या डोंगरात झाला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात लोहगडही आहे आणि खांदेरीही.

खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय हे पाहून इंग्रजांनी गलबतं आणली, पाठोपाठ जंजिऱ्याचा सिद्दीही आला. बेटावर काम पाहणारे मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं मागे हटली नाहीत. तोफा चालू असताना तट चढत राहिला. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून आरमार घेऊन खांदेरीवर आला आणि हात हलवत परत गेला. शेवटी १८१८ मध्ये मराठेशाहीबरोबर बेटही गेलं. पुढे इंग्रजांनी मुंबईकडे येणाऱ्या जहाजांसाठी तिथे दिवा लावला.

त्या दिव्याखाली उभं राहिलं की कान्होजींच्या दस्तकाचा विचार मनात येतो. या पाण्यातून जायचं तर त्यांचा परवाना हवा, नसेल तर गलबत जप्त. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत यालाच चाचेगिरी म्हटलंय. आपल्या किनाऱ्यावर आपली सत्ता चालवणं ही चाचेगिरी कशी? तो हक्कच होता, आणि तो त्यांनी १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत राखला.

आज त्यांच्याच नावाचा दिवा कुणाकडे दस्तक मागत नाही. थळच्या कोळ्याची होडी असो की न्हावा-शेव्याला निघालेलं परदेशी कंटेनर जहाज, खडक कुठे आहे हे तो दोघांनाही सारखंच सांगतो. मला यात कान्होजींचा विसर दिसत नाही. ज्याला आपला किनारा राखता येतो, तोच परक्यालाही निर्धास्तपणे वाट दाखवू शकतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाचे तंत्रज्ञ घडताहेत. समुद्र राखण्याचं काम आजही आपल्या डोंगरात चालतंच.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधवांचं श्रद्धास्थान. ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा एक दगडही आहे. लोक त्याच्याशीच रमतात, फोटो काढतात आणि परततात. तटावरच्या तोफा निवांत पाहाव्यात, दीपगृहाशी थांबून मुंबईकडे नजर टाकावी. इंग्रजांना हे बेट एवढं का सलत होतं, ते सांगायला मग कुणी लागत नाही. मावळातल्या शाळांच्या सहली लोहगडावर जातातच. त्याच मुलांना त्याच वर्षी, दिवाळीनंतर, खांदेरीला न्यावं. लोहगडावर ऐकलेला अर्धा इतिहास तिथे पुरा होईल.