रोग्याची नाडी आणि हिशेबाची वही

काही वर्षे इस्पितळात काढलेल्या एखाद्या तरुण डॉक्टराने व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला, की घरीदारी एकच प्रश्न उठतो: ‘इतके शिकून आता दुकानदारी करणार काय?’ प्रश्न कठोर आहे, पण निरर्थक नाही. साडेचार वर्षांचे अध्ययन आणि वर्षाची उमेदवारी यांचा मोठा भार सरकारी महाविद्यालयात समाज उचलतो. आणि तेथील जागा एकाला मिळते तेव्हा ती दुसऱ्या कोणाला तरी मिळालेली नसते. असे असता रोग्याच्या उशापासून उठून जाणे हा कर्तव्याचा त्याग होय की विस्तार, याचा विचार व्हावयास हवा.

गोमंतकात हा प्रश्न एका वास्तूनेच आपल्यापुढे मांडला आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे वर्ग रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरू लागले. जेथे रोगी कण्हत असत, तेथे ताळेबंदाचे पाठ सुरू झाले. पुढे ही संस्था डिचोलीतील साखळीला लागून असलेल्या पर्ये गावी गेली. तिच्यात आरोग्यसेवेच्या व्यवस्थापनाचाही अभ्यासक्रम आहे. ही अवनती म्हणावी काय?

चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. त्यांत वैद्याला प्रमुख मानले आहे, पण एकट्याला पुरेसे मानलेले नाही. पेडण्याच्या एखाद्या वाड्यावरून अत्यवस्थ माणसाला म्हापशाला किंवा बांबोळीला हलवावे लागते, तेव्हा त्याचे प्राण जितके शस्त्रवैद्याच्या हाती असतात, तितकेच गाडी, खाट आणि रक्त यांची वेळेवर तजवीज करणाऱ्याच्याही हाती असतात. ही तजवीज ज्याने स्वतः रात्रपाळी केली आहे अशा माणसाने शिकून घेतली, तर चिकित्सेचे दोन पाद बळकटच होतील.

आपल्या देवस्थानांत हे तत्त्व आपण नित्य पाहतो. गाभाऱ्यात भटजी पूजा करतात. परंतु खजिनदार तेलाचा हिशेब राखतो आणि मुखत्यार कचेरीचे व्यवहार पाहतो, म्हणून नंदादीप तेवत राहतो. खजिनदाराला कोणी उणा भक्त समजत नाही. मात्र ज्या पूजेत प्राप्ती नाही ती बंद करावी, असे तो म्हणू लागला, तर महाजन त्याला जाब विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

वैद्यकी आणि व्यवस्था यांचा मेळ कसा बसतो, हे मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी दाखवून दिले. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले. कामाची शिस्तबद्ध वाटणी करून त्यांनी एकेका शस्त्रवैद्याच्या हातून पुष्कळ शस्त्रक्रिया होतील अशी व्यवस्था केली, आणि ऐपतदारांच्या शुल्कावर निर्धनांचे उपचार चालविले. हिशेब काटेकोर होता. पण तो दृष्टीसाठी होता. आणि डॉक्टराने डॉक्टरकीतच कोंडून घ्यावे, असे तरी कोठे आहे? आपल्या पेडण्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. पुराणवस्तुसंशोधन आणि स्त्रीशिक्षण या क्षेत्रांत त्यांनी मोठे कार्य केले. तरी गरिबांवर विनामूल्य उपचार करणारा वैद्य हीही त्यांची ओळख राहिली.

तेव्हा दोष मार्ग बदलण्यात नाही. धोका आहे तो भाषा बदलण्यात. रोग्याला ‘ग्राहक’ म्हणता म्हणता चिकित्सेचा चौथा पाद केवळ देयकावरील एक नाव होऊन बसतो. दूरच्या गावातील प्रसूतिकक्ष तोट्यात आहे, तो बंद करावा, असा कागद उद्या या डॉक्टरापुढे येईल. तेथे सही करण्यापूर्वी, रात्री कळा सुरू झालेली बाई मग कोठे जाईल, हे त्याच्या मनात आले पाहिजे. ते येत असेल, आणि तिची सोय झाल्यावाचून त्याची लेखणी चालत नसेल, तर समाजाचे ऋण तो वेगळ्या नाण्यात फेडीत आहे. येत नसेल, तर त्याच्या जागी नुसता हिशेबनीसही चालला असता.

कित्येक डॉक्टर थकून वाट बदलतात. अपुरी झोप, अपुरे मनुष्यबळ आणि नातेवाइकांचा रोष यांनी माणूस खचतो. त्यास नावे ठेवणे अन्याय होईल. परंतु थकव्याला सेवेचे नाव देऊ नये. विद्यालयाचा अर्ज ‘का येता?’ असे विचारतो, तेव्हा तेथे शोभिवंत उत्तर लिहिता येते. आपल्याकडे मोठ्या निर्णयापूर्वी देवाला कौल लावण्याची रीत आहे. पाकळी उजवी पडो वा डावी, जाणते लोक आधी एक पथ्य पाळतात: मनात एक आणि मुखी दुसरे, असा प्रश्न देवापुढे ठेवायचा नाही. अर्ज भरणाऱ्यानेही तेवढे पथ्य पाळावे, आणि आपण गावकऱ्यांनी त्याच्या उत्तराआधी निवाडा करू नये.