नवा अवयव, पण कोणाच्या जिवावर?

प्रभू येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला सभास्थानात सर्वांदेखत बरे केले. त्यामुळे रोग्याला बरे करणाऱ्या विद्येकडे आपण संशयाने पाहू नये. निकामी झालेल्या अवयवाच्या जागी नवा अवयव प्रयोगशाळेत वाढवता येईल का, याचा शोध आज जगभर चालू आहे. मूत्रपिंडाची वाट पाहत डायलिसिसवर दिवस काढणाऱ्यांसाठी ही मोठी आशा आहे.

प्रश्न आहे तो हा, की त्यासाठी लागणाऱ्या मूळ पेशी आणायच्या कोठून? १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी त्या मानवी भ्रूणापासून मिळवल्या. पण अशा पेशी काढताना काही दिवसांचा तो भ्रूण नष्ट होतो. ख्रिस्तसभेने याला ठाम नकार दिला असून २००८ सालच्या ‘डिग्नितास पर्सोने’ या दस्तऐवजात तो पुन्हा स्पष्ट केला आहे.

काही जण विचारतात, टेस्ट ट्यूब उपचारांतून उरलेले भ्रूण टाकूनच दिले जाणार असतील, तर ते कामी का आणू नयेत? प्रश्न साधा नाही. आपलेच मूल आजारी असेल, तर तो अधिकच कठीण होतो. परंतु फाशीची शिक्षा झालेला कैदी मरणारच आहे, म्हणून त्याचे मूत्रपिंड काढून घेण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. आणि आपण प्रत्येक जण एके काळी तेवढ्याच भ्रूणाएवढे होतो.

जपानचे डॉ. शिन्या यामानाका यांनी एकदा सूक्ष्मदर्शकातून भ्रूण पाहिला, तेव्हा त्यांना आपल्या मुली आठवल्या. दुसरा मार्ग असलाच पाहिजे, असे त्यांना वाटले. २००७ साली त्यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून तशाच पेशी तयार करून दाखवल्या. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र पेशी कोठून आल्या, एवढे पाहून भागत नाही. रुग्णाचाही साधन म्हणून वापर होऊ शकतो. पावलो माक्यारीनी या शल्यविशारदाने स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या श्वासनलिकांवर मूळ पेशी लावून त्या तीन रुग्णांना बसवल्या. तिघेही दगावले. २०२३ साली न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली.

आपल्याकडेही मूळ पेशींच्या उपचारांच्या जाहिराती दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारे प्रत्यारोपण वगळता, असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. म्हणून शेतवाडी विकण्याआधी विचारू या: पेशी कोणाच्या? चाचणीला मान्यता आहे का?

आणि प्रयोगशाळेतले मूत्रपिंड येईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायला नको. अवयवदान हे प्रेमाचे कृत्य आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांपुढे सांगितले होते. या आठवड्यात आपल्या घरी जेवणाच्या वेळी हा विषय काढू या, आणि आजाऱ्यांसाठी व संशोधकांसाठी प्रार्थना करू या.