हसविण्याचा जोडधंदा

आपल्या भागातील मुले आता पुण्या-बेंगळूरला नोकरीस जातात. त्यांपैकी काही जण आठवडाभर कचेरीत संगणकापुढे बसतात आणि शनिवारी संध्याकाळी एखाद्या कंपनीच्या वार्षिक समारंभात हातात ध्वनिक्षेपक घेऊन लोकांना हसवितात. त्याबद्दल मानधनही मिळते. गावाकडच्या आईवडिलांना मात्र हे उमगत नाही. एका पालकांनी मला विचारले, "सर, शेत गहाण टाकून पोराला इंजिनिअर केला. आता तो लोकांपुढं सोंगं करतोय. हे बरं म्हणायचं का?" प्रश्न साधा दिसतो, पण हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पगारदार माणसाने हसविण्याचा जोडधंदा करावा काय, आणि केला तर कोणत्या मर्यादेत, असा हा नीतीचा प्रश्न आहे.

हे काम हलके आहे, हा पहिला आक्षेप. तो फार काळ टिकत नाही. मराठी कथाकथन घरोघर पोहोचविणारे द. मा. मिरासदार (१९२७-२०२१) हे महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसणारे व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या नोकरीत होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रे एकट्याने उभी करणारे लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवीत. कन्नडमध्ये चार ओळींच्या चुटक्यांनी सभा हसविणारे दुंडीराज कॉर्पोरेशन बँकेत अधिकारी होते. आणि पु. ल. देशपांडे? त्यांनी तर काही काळ आमच्या बेळगावच्याच राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केले. यांपैकी कोणाचीही प्रतिष्ठा लोकांना हसविल्यामुळे कमी झाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याचा पगार घ्यायचा त्याच्या कामाचे काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६४ साली जे वर्तणूक नियम झाले, त्यांत अन्य धंद्याला पूर्वपरवानगी लागते. परंतु कधीमधी केलेल्या साहित्यिक वा कलाविषयक कामास ती लागत नाही. अट एवढीच, की कर्तव्यात बाधा येता कामा नये. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. रात्रभर गाडीचा प्रवास करून आलेला शिक्षक पहिल्या तासाला पेंगू लागला, तर त्याचे मानधन मुलांच्या खिशातून गेले असेच म्हणावे लागेल. इथे हिशेब चोख हवा. वेळ आपला असावा, मिळकत उघड असावी, आणि सोमवारी सकाळी कामावर जाणारा माणूस ताजा असावा.

परंतु खरी अडचण याच्याही पुढे आहे. आपल्या बेळगुंदीत, कडोलीत, उचगावात साहित्य संमेलने भरतात. तिथे कथाकथनाला येणारा श्रोता स्वतःच्या पायांनी येतो. आवडले तर हसतो, नाही तर बैलांना वैरण घालायची म्हणून उठून जातो. कंपनीच्या सभागृहात तसे नसते. तिथे पहिल्या रांगेत साहेब, मागे हाताखालची माणसे. साहेब हसले की सगळे हसतात. शिवाय बोलावणारा आधीच यादी देतो: मोठ्या साहेबांवर नको, पगारवाढीवर नको, बंद पडलेल्या विभागावर तर मुळीच नको. मग विनोदाने जायचे कुठे? पाणी उताराकडे धावते, तसा तो खाली धावतो. दारावरचा पहारेकरी, जाड्या कारकून, नव्याने आलेली मुलगी, यांच्यावर जाऊन पडतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाच्या ताटातले खाऊन राजालाच टोचत असे. तमाशातला सोंगाड्या समोर बसलेल्या पाटलाला सोडत नसे. मीठ खाऊनही खरे बोलण्याची ती मुभा होती. ती काढून घेतली, तर उरते ती दुबळ्याची टिंगल.

याचा एक दाखला आपल्या सीमाभागातला आहे. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी असाच कार्यक्रम करतो. एका कंपनीने त्याला सुचविले, "आमच्या कानडी कामगारांच्या मराठीची नक्कल करा, लोक लोळतील." लोक लोळलेही असते. रस्ता तो, वाट ती आणि घर ते. याचे कारण आम्हा मराठीच्या शिक्षकांनाही देता येत नाही. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. मग त्या बिचाऱ्याची गाडी 'आला' आणि पाऊस 'आली' तर नवल काय? पण या पोराने नक्कल केली ती स्वतःच्या कन्नडची. सरकारी कचेरीत साहेबांनी आपुलकीने विचारले, "ऊटा आता?" म्हणजे जेवण झाले का? याला वाटले, 'ऊठ आता' म्हणताहेत. तो खुर्चीवरून ताडकन उठला! सभागृहातले कानडी आणि मराठी दोघेही खळखळून हसले. पुढल्या वर्षी मात्र त्याला बोलावणे आले नाही.

मोडके कन्नड बोलताना कचेरीच्या खिडकीपाशी उठलेला हशा आपल्यापैकी कित्येकांनी ऐकला आहे. तो किती लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच तो दुसऱ्याच्या वाट्याला द्यावा काय? पु. लं.च्या 'गणगोत'मधले बेळगावचे रावसाहेब आठवा. त्यांची कानडी वळणाची भाषा वाचून आपण हसतो, पण हसता हसता तो माणूस आपल्याला मोठा वाटू लागतो. कसोटी हीच. ज्याच्यावर विनोद केला, तो बायकामुलांसह पहिल्या रांगेत बसला असता, तर तो विनोद करता आला असता काय?

म्हणून त्या पालकांना मी एवढेच सांगितले, की पोराला अडवू नका. उलट नोकरी आहे हेच त्याचे बळ आहे. ज्याची चूल हशावर पेटते, त्याला यादी मुकाट्याने स्वीकारावी लागते. त्याला दोष देणेही कठीण. ज्याची चूल पगारावर पेटते, त्याला 'हा विनोद मी करणार नाही' असे म्हणता येते. ते म्हणण्याची किंमत एक बोलावणे असेल, दोन असतील. पगारदाराला ती परवडते. आणि परवडत असूनही जो ती देत नाही, त्याच्या हसविण्याला जोडधंदा म्हणता येईल, कला म्हणता येणार नाही.