पहाटेची पोटदुखी

शुश्रूषेतील निर्णयक्षमता म्हणजे लक्षणांवरून धोका वेळीच ओळखून पुढचे पाऊल ठरविण्याची शक्ती. तिची खरी कसोटी अतिदक्षता विभागापेक्षा पवन, नाणे आणि आंदर मावळातील आरोग्य केंद्रांत, भातलावणीच्या दिवसांत लागते. जमिनीवर अंथरूण टाकून निजलेला मजूर पहाटे पोटदुखी आणि उलट्यांची तक्रार घेऊन येतो, अंगावर सूज नसते, दंशाची खूणही बहुधा सापडत नाही. अशा वेळी अपचनाची गोळी देऊन मोकळे होणे सोपे असते, पण जाणती परिचारिका आधी त्याच्या पापण्या पाहते, कारण मण्यार या निशाचर सापाचे विष नसांकडून स्नायूंकडे जाणारे संदेश अडवते आणि पापण्या जड होणे ही त्याची एक लवकर दिसणारी खूण असते. ती त्याला एका दमात अंक मोजायला लावते. मघाशी विसापर्यंत गेलेला आकडा आता बारावर अडखळला, तर बोटाला लावलेल्या यंत्रावरील प्राणवायूचे माप समाधानकारक दिसत असले तरी श्वसनाचे स्नायू दुबळे होत आहेत, हे ती जाणते. डॉक्टरांना बोलावून ती सर्पदंशावरील प्रतिविष तयार ठेवते आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ मागवते, लोणावळ्याच्या बाजूला धुके आणि मुसळधार पाऊस असेल, तर वाटेत जाणारा जादा वेळही तिने हिशेबात धरलेला असतो.