सुटं पान

एखादं पान त्याच्या पुस्तकातून कापून काढलं, तर नेमकं काय हरवतं?

हा प्रश्न मला दोह्याच्या म्युझियम ऑफ इस्लामिक आर्टमध्ये पडला. कंपनीच्या कामासाठी कतारला गेलो होतो आणि शुक्रवारची दुपार मोकळी होती. समुद्रातल्या एका छोट्याशा बेटावर ही इमारत उभी आहे. तिचा आराखडा आय. एम. पेई यांचा. २००८ साली ती लोकांसाठी खुली झाली. आत उजेड मंद आहे, आणि त्या उजेडात काचेमागे 'निळ्या कुराणा'चं एक पान आहे.

हे कुराण नवव्या-दहाव्या शतकातलं, बहुधा उत्तर आफ्रिकेतलं, असं बरेच अभ्यासक मानतात. चर्मपत्र निळीत रंगवलेलं आणि त्यावर सोन्याने लिहिलेल्या पंधरा ओळी. सगळ्या ओळी दोन्ही कडांना सरळ याव्यात म्हणून काही अक्षरं लांब ताणली आहेत आणि काही शब्द मध्येच तोडून खालच्या ओळीत नेले आहेत. मला अरबी येत नाही. तरी पाच-सात मिनिटं तिथून हललो नाही.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ उभे होते, आपल्याकडचेच वाटले. त्यांचे ओठ हलत होते. मी विचारलं, "चाचा, ये आप पढ़ पा रहे हैं?" ते हसले. "पढ़ना क्या बेटा, याद है. एक लफ़्ज़ पकड़ में आ गया, बाक़ी अपने आप आता है."

त्यांचं म्हणणं अगदी शब्दशः खरं आहे, हे नंतर कळलं. या पानावर नुक्ते नाहीत आणि स्वरांच्या खुणाही नाहीत. नुक्ते काढले की अरबीतले ब, त, न, य शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, प्रत्येकाचा एकेक छोटा दात. आपल्याकडे समजा काना-मात्रा-वेलांटी लिहायचीच नाही असं ठरवलं, तर नुसतं 'कल' पाहून ते कल आहे, काल आहे, कुल आहे की कील, हे कसं ठरवणार? ज्याला वाक्य आधीच पाठ आहे तोच ठरवणार. म्हणजे हे पान मजकूर पोचवण्यासाठी नव्हतंच. मजकूर माणसांच्या तोंडात होता, पान त्याला आधार देत होतं.

आता मूळ प्रश्न. हा ग्रंथ सुमारे सहाशे पानांचा असावा असा अंदाज आहे. आज त्यातली शंभरेक पानं माहीत आहेत. बरीच ट्यूनिशियात आहेत, बाकीची दोहा, न्यूयॉर्क, बॉस्टन अशी विखुरली आहेत. जुन्या हस्तलिखितांच्या बाजारात हे सर्रास झालं. अख्खा ग्रंथ घेणारं एकच गिऱ्हाईक मिळतं, सुट्या पानांना पन्नास मिळतात.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. माझ्या धंद्याच्या भाषेत इथे डेटा लॉस शून्य आहे. कुराणाचा शब्द न् शब्द छापील प्रतींत आहे आणि असंख्य हाफिजांना तो तोंडपाठ आहे. एवढे बॅकअप असताना हरवलं काय?

हरवलं ते मागचं आणि पुढचं. पान उलटणारा हात हरवला. कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलं होतं, ते नातं हरवलं. चाचांना त्या पानाची गरज नव्हती, कारण मजकूर त्यांच्यापाशीच होता. गरज मला होती, कारण माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांना ते नसलं तरी चालतं, आणि संग्रहालय उभं आहे ते माझ्यासारख्यांसाठी.

मग मला तिथे उभं राहण्याचा हक्क आहे का? उलटं करून पाहा. आजीच्या देवघरात लाल कापडात बांधलेली शिवलीलामृताची पोथी आहे. तिचं एक पान एखाद्या परदेशी हॉटेलात 'देवनागरी सुलेखन' म्हणून फ्रेम केलेलं दिसलं, तर? मला राग येणार नाही. तिथला माणूस वळणदार अक्षर पाहून थांबला तर उलट बरंच वाटेल. पण तोच माणूस घरी जाऊन "त्या लोकांच्या पोथीत काय असतं ते मी पाहिलंय" असं सांगू लागला, तर मात्र खटकेल. आजी ती पोथी श्रावणात पहाटे वाचते, अडलेल्या शब्दावर थांबते, अध्याय संपला की डोळे मिटते. यातलं त्याने काय पाहिलं?

म्हणून मला वाटतं, पाहण्यात गैर काहीच नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेतलं सौंदर्य पाहायला आपली श्रद्धा लागत नाही. अट एकच: पाहिलं त्याला वाचलं म्हणायचं नाही.

ही अट वाटते तितकी सोपी नाही. आपल्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी एक स्क्रीनशॉट येतो. कुठल्याशा धर्मग्रंथातली एक ओळ, खाली लाल रेघ, सोबत "बघा यांचं खरं रूप". कधी कुराणाची ओळ, कधी आपल्याच एखाद्या ग्रंथाची, समोरच्या गटाने पाठवलेली. ती ओळ खोटी असतेच असं नाही. पण तिच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, ती कुणाला उद्देशून आहे, आणि ती पाठ असलेली माणसं तिचा अर्थ काय लावतात, हे पाठवणाऱ्याने विचारलेलं नसतं. व्यापाऱ्याने पान कापलं ते पैशासाठी. आपण ओळ कापतो ती वाद जिंकण्यासाठी. कात्री तीच.

फरक एवढाच की कापलेलं पान निदान संग्रहालयात येतं. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं की हा एका मोठ्या ग्रंथाचा तुकडा आहे. आपल्या स्क्रीनशॉटला अशी पाटी नसते. ती लावायचं काम ज्याच्या हातात फोन आहे त्याचं. पुढच्या वेळी ग्रुपवर अशी ओळ आली की मी दोनच शब्द टाइप करणार आहे: "आधीचं पान?"

काका चिडतील. चिडू देत.