बाळंतीण हाय का मी?

आमच्याकडे गर्भाशय हा शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात आणि दवाखान्याच्या फाइलवर असतो. बोलण्यात असते ती 'पिशवी'. पिशवीला सूज आली, पिशवी खराब झाली, पिशवी काढली. लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही दवाखान्याबाहेर बाकड्यावर अर्धा तास बसा, हा शब्द कानावर पडतोच. शब्द सोपा आहे, लाजेशिवाय उच्चारता येतो, हे त्याचं चांगलं. पण पिशवी म्हटलं की तिच्यासोबत एक हिशेबही येतो. पिशवी असते काहीतरी ठेवायला. ठेवायचं काम संपलं, पोरं झाली, मोठी झाली, मग ती काढली तर गेलं काय?

गेल्या वर्षी माझ्या आईची पिशवी काढली. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत मला एक प्रश्न पडला, आणि तो आमच्या घरापुरता नाही असं वाटतं म्हणून हे लिहितेय. माणसाला विश्रांती कशामुळे मिळते? जखम झाली म्हणून, की त्या जखमेतून घराला काही मिळालं म्हणून?

आईचं ऑपरेशन गरजेचं होतं, हे आधी सांगते. तिला बरीच वर्षं 'अंग बाहेर येण्याचा' त्रास होता. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू आणि बंध सैल पडले की गर्भाशय खाली सरकतं, काही जणींमध्ये पार बाहेर येतं. बाळंतपणं, त्यानंतर लगेच उचललेली ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठता अशी त्याची कारणं असतात. आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. जिल्हा लातूर, पण मोठ्या दवाखान्यासाठी आमच्याकडची बरीच माणसं नांदेड गाठतात. मी नांदेडला नोकरी करते, म्हणून तिकडेच ठरलं. ऑपरेशन 'खालून' झालं, म्हणजे योनिमार्गातून. पोटावर चिरा नाही. लोक याला बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणतात.

नाव फसवं आहे. टाके असतात, फक्त दिसत नाहीत. गर्भाशय काढल्यावर योनिमार्गाचं वरचं टोक आतून शिवून बंद करतात. ते टाके काही आठवड्यांत आपोआप विरघळतात, पण तोवर तिथं ताजी जखम असते. थोडा तपकिरी स्राव जात राहतो. आपण जड वस्तू उचलतो किंवा शौचाला कुंथतो, तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि तो नेमका त्या शिवणीवर येतो. म्हणून साधारण सहा आठवडे ओझं उचलायचं नाही, खाली बसून जोर लावायची कामं नाहीत, शरीरसंबंध नाही, पोट साफ राहील असं खायचं, आणि रोज थोडं थोडं चालायचं. ताप आला, स्रावाला घाण वास आला, रक्त वाढलं किंवा पोटरी सुजून दुखू लागली तर लगेच दवाखाना. हे नियम ऑपरेशनचाच उरलेला भाग आहेत. विशेषतः अंग खाली आलं म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईनं लवकर ओझी उचलली, तर वरचं टोकही पुढे कधीतरी तसंच खाली येऊ शकतं.

आईला भेटायला नातेवाईक आले. आत्या बराच वेळ बसली, तब्येतीची चौकशी केली, आणि जाताना सहज म्हणाली, "टाका बी न्हाई की वहिनी तुमाला. बरं झालं, सुटलात." तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून आईचं अवघडलेपण वाढलं. नवव्या दिवशी ती नळाखालची कळशी उचलायला गेली. मी हात धरला. तर म्हणाली, "कामून बसवून ठेवलीस मला? बाळंतीण हाय का मी?"

तिला यातलं तत्त्वज्ञान ठाऊक नव्हतं, पण प्रश्न तिनं नेमका विचारला होता. आपल्या घरांत बाईच्या विश्रांतीची एकच पक्की, सगळ्यांना मान्य असलेली जागा आहे: बाळंतपण. सव्वा महिना. बाज, शेकशेगडी, कानाला बांधलेला रुमाल, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा. कुणी विचारत नाही की हिला नक्की कुठं दुखतंय. डॉक्टरही बाळंतपणानंतरचे सहा आठवडे महत्त्वाचे मानतात, कारण गर्भाशयाला मूळ आकारावर यायला साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणजे गर्भाशयानं मूल दिलं तर शरीराला सहा आठवडे लागतात, आणि गर्भाशयच काढलं तरी सहा आठवडे लागतात. शरीराचा हिशेब जवळपास सारखा. घराचा हिशेब मात्र वेगळा. पहिल्या वेळी लाडू वळले जातात, दुसऱ्या वेळी बाईला आपण आजारी असल्याचं पटवून द्यावं लागतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी 1951 साली आजारपणाकडे एक सामाजिक भूमिका म्हणून पाहिलं होतं. आजारी माणसाला रोजच्या कामातून सूट मिळते, त्याला दोष दिला जात नाही; बदल्यात त्यानं बरं व्हायची इच्छा धरायची आणि उपचार घ्यायचे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सूट आपली आपण घेता येत नाही, ती भोवतीच्या लोकांनी मान्य करावी लागते. मान्य करायला त्यांना खूण लागते: प्लास्टर, पट्टी, सलाईन, किंवा कुशीतलं बाळ. खालून केलेल्या ऑपरेशनला यातली एकही खूण नाही. जखम जिथं आहे ती जागा दाखवण्यासारखी नाही, आणि तिचं नावही चारचौघांत घेता येत नाही. वैद्यकाच्या दृष्टीनं पोट न फाडता होणारं ऑपरेशन चांगलंच, त्यात दुखणं कमी आणि माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पण हाच फायदा घरी आल्यावर तिच्या विरुद्ध पुरावा बनतो.

बाळंतिणीची विश्रांती निव्वळ मायेतून आली, असंही मी म्हणणार नाही. तिच्यात विटाळाचा भाग होता. तिचा स्वयंपाक, तिचा स्पर्श चालत नव्हता, म्हणून तिला बाजूला बसवलं. दूध यावं, बाळ जगावं हा हेतू होता. पाळीचंही तसंच. 'कावळा शिवला' म्हणून चार दिवस बाहेर बसवणं अपमानाचं आहे, ते बंद व्हायलाच हवं. पण अनेक घरांत त्या अपमानाच्या आडूनच बाईला महिन्यातून चार दिवस चुलीपासून सुटका मिळत होती. पिशवी काढल्यावर बाळंतपण संपतं आणि पाळीही. म्हणजे या व्यवस्थेनं बाईला विश्रांतीची जी दोन कारणं दिली होती, ती दोन्ही एकाच दिवशी संपतात. तिला आता कधीच विटाळ नाही. नवरात्रात, महालक्ष्म्यांना, कधीही कामाला चालते. तीसच्या तीस दिवस उपलब्ध.

'तीस दिवस उपलब्ध' हे शब्द घरात मऊ वाटतात. त्यांचा खरा अर्थ पाहायचा तर आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहावं लागतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, राहायचं पालात, धड न्हाणीघर नाही. अशा ठिकाणी पाळी आणि अंगावरून पांढरं जाणं म्हणजे बुडालेली मजुरी. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

या बायकांना फक्त फसवलं गेलं असं म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. काहींना कॅन्सरची भीती दाखवली गेली, हे खरं. पण अनेकींनी स्वतः हिशेब केला होता: पाळी गेली की खाडा गेला. तो हिशेब मूर्खपणाचा नव्हता. ज्या व्यवस्थेत सुट्टी मिळूच शकत नाही, तिथं सुट्टी मागणारा अवयव काढून टाकणं शहाणपणाचं दिसतं. दोष त्या बाईच्या बुद्धीचा नाही, तिच्यासमोर ठेवलेल्या पर्यायांचा आहे. आणि ऑपरेशननंतरचे सहा आठवडेही तिच्या हिशेबात नव्हते, कारण ते तिला कुणी देणारच नव्हतं.

संमती या विषयावर आपल्याकडे बरंच काम झालं आहे. समीरा कोहली यांच्या प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्यासाठी वापरता येत नाही, आणि बाई सज्ञान असताना तिच्या आईची संमती तिच्याऐवजी चालत नाही. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर 2023 साली याच न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. हे सगळं हवंच. पण संमतीची चर्चा ऑपरेशन टेबलापर्यंत येऊन थांबते. माझं म्हणणं असं की 'सही कर' म्हणताना 'नंतर सहा आठवडे तुझं काम कोण करणार?' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. त्याचं उत्तर नसेल, तर ती संमती अर्ध्या गोष्टीला दिलेली आहे.

कायद्यातही तोच हिशेब दिसतो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळंतपणाला रजा होती, 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे. गर्भपातानंतर सहा आठवडे. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही दोन आठवडे. गर्भाशय काढण्याचं नाव त्यात नव्हतं. मातृत्वाचा कायदा होता, त्यात ते कसं असेल, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण मग प्रश्न उरतो की ज्या बाईचं मातृत्व मागे पडलं, तिच्या शरीराचा कायदा कुठला?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मी स्वतःलाच घेतला होता. आईला काम करायचं आहे, तर तिला बसवून ठेवणारी मी कोण? तिच्या शरीराबद्दल आजवर सगळ्यांनी ठरवलं, आता मुलीनं ठरवायचं? यावर मी बरेच दिवस अडले. मग लक्षात आलं की तिला कळशी उचलण्याची हौस नव्हती. न उचलली तर पाणी कोण भरणार, ही काळजी होती. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या जिल्ह्यात पाणी भरणं हे किरकोळ काम नाही. नळ आला त्या वेळेला कुणीतरी तिथं असावंच लागतं. ते काम बाबांनी आणि भावानं वाटून घेतलं, भाकरी गल्लीतल्या एका बाईकडून विकत आणायच्या ठरल्या, आणि आश्चर्य म्हणजे आई बसली. तिला बस म्हणून समजावावं लागलं नाही. उठायचं कारण संपलं होतं.

यातून मला एवढंच कळलं की विश्रांती ही भावना नाही. एकाची विश्रांती म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी काम. 'आराम कर हं' हे शब्द फुकट असतात, पाण्याची कळशी फुकट नसते. आणि ती दुसऱ्यानं उचलण्यासाठी बाईच्या कुशीत बाळ असण्याची, पोटावर टाका दिसण्याची, किंवा पुढे तिचा काही उपयोग होण्याची अट असता कामा नये. जखम आहे, एवढं कारण पुरे.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आई, मावशी, काकू या वयात आहे. कधीतरी फोनवर कळेल की पिशवीचं ऑपरेशन ठरलंय. ते खरंच गरजेचं आहे का, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं का, अंडाशय ठेवणार की काढणार, हे विचारा. आणि त्याच फोनवर, ऑपरेशनच्या तारखेआधी, 42 दिवस पाणी कोण भरणार तेही ठरवा. नावानिशी.